थर्टलच्या शेतातलं अंगुस्तान

२ ऑक्टोबर
आलो एकदाचा नॉरफकला. घर भाड्याचं असलं तरी झकास आहे. धुराडं धूर छान ओढतं आणि मागचं दार थेट कापणी झालेल्या शेतात उघडतं. माझा जन्म भंगाराच्या धंद्यात गेला. नुसत्या आवाजावरून धातूची जात सांगतो. आता जमिनीतला धातू शोधायचं यंत्र कानाला लावून शेतं पालथी घालायची, एवढाच उद्योग. बायको, बेरिल, बहिणीकडून रविवारी येईल. बसथांब्यावरून शेतातली पायवाट धर, जवळ पडतं, असं तिला सांगून ठेवलंय.

शेत आणि घर दोन्ही क्लाइव्ह थर्टलचं. त्याची अट एकच: सोनं निघालं तर निम्मं-निम्मं, घरातलं काही निघालं तर त्याच खड्ड्यात परत. मी म्हटलं, आम्ही शोधे लोक शेतात कचरा सोडत नाही, तो आमचा धर्म. तर म्हणे, धर्म रविवारी पाळ, लेन. इथं माझं ऐक.

३ ऑक्टोबर
मस्त दिवस. एक कथलाचा चमचा, एक किल्ली, भाजी चिरायची सुरी, शिवताना बोटात घालायचं पितळी अंगुस्तान. कुणा गरिबाचा संसार. सगळं बादलीत घालून घरी आणलं. थर्टलला काय कळतंय. अंगुस्तान घासून बेरिलला टपालानं धाडलं.

५ ऑक्टोबर
बेरिलचा फोन. अंगुस्तान मापाला चपखल बसलं, काढवतच नाही म्हणाली. वर टोमणा, चाळीस वर्षांत तुझी एक तरी वस्तू मला नीट बसली.
चहाचा चमचा सापडत नाही. मागच्या दाराची किल्लीही. वय झालं माझं.

७ ऑक्टोबर
सुरीच्या खड्ड्याजवळ यंत्र बोललं. बेरिलचं बटाटे सोलायचं सोलाणं निघालं. मुठीवरचा दोरा मी गुंडाळलेला, गाठ माझी. लोखंड शंभर वर्षं गंजल्यासारखं. काल ते खणात होतं.

थर्टलकडे गेलो. तो हसला नाही. म्हणाला, आमचं शेत उसनं ठेवत नाही. नेशील त्याच्या जागी तुझ्या घरातलं घेतं. परत पूर, म्हणजे सोडेल.

चमचा, किल्ली, सुरी पुरली. घरी येतो तो टेबलावर आमचा चमचा, आमची किल्ली, सोलाणं. ओल्या मातीसकट.

राहिलं अंगुस्तान. ते कुठंय, थर्टलनं विचारलं होतं. बायकोच्या बोटात, म्हणालो. त्यानं टोपी काढली आणि आत निघून गेला.

८ ऑक्टोबर, सकाळ
बेरिल फोन उचलत नाही. तिची बहीण म्हणते, पहिल्याच बसनं निघाली, अंगुस्तान घालूनच. इतकी काळजी लग्नाआधी करायची होतीस म्हणून वर हसली.
थांब्यावर जातो. पायवाटेनं येऊ देणार नाही.

दुपार
बस लवकर आली होती. परतीच्या फेरीत ड्रायव्हर म्हणाला, लाल कोटातल्या बाई कधीच्या उतरल्या, शेताकडे गेल्या—
पायवाटेवर तिची पिशवी. उभीच. बाकी शेत रिकामं. हाका मारल्या.
थर्टलच्या दाराला आतून कडी. मदतीला माणसं आण म्हणून ओरडलो. आतून म्हणाला, आता कोण येणार, लेन.

यंत्र घेऊन पिशवीपाशी बसलोय. खणायच्या आधी एवढं लिहून ठेवतो, कुणाला तरी—
पितळ. उथळ आहे. अंगुस्तानच.
त्याच्या खाली दुसरा आवाज. मऊ. सोनं. बेरिलची लग्नाची अंगठी मी स्वतः वाजवून घेतली होती, हा आवाज—
खोल आहे. आणि खाली चाललाय. फावडं कुठं—