पुन्हा विचारायचं नाही

आण्णा, सध्या मी एक गोष्ट मोडायला घेतली आहे आणि ती मोडताना सारखे तुम्ही डोळ्यांपुढे येता. माझं काम तुम्हाला कधी कळलं नाही, म्हणून सोपं करून सांगते. बाकीचे प्रोग्राम जिच्या जिवावर चालतात, अशी एक लायब्ररी आमच्याकडे आहे. तिच्यात कुणीतरी फार वर्षांपूर्वी सगळ्यांना मिळून एकच कॅशे करून ठेवली. कॅशे म्हणजे एकदा काढलेलं उत्तर ठेवायची जागा. पुन्हा कुणाला तेच हवं असलं तर शोधायचं नाही, तिथलं उचलायचं. मधल्या मध्ये खरं उत्तर बदललेलं असतं आणि हिला पत्ताच नसतो. ती ठणकावून जुनंच सांगते आणि तिच्यावर विसंबलेला धाडकन कोसळतो. मी ती मुळासकट उखडते आहे. ज्याने त्याने आपल्यापुरतं ठेवावं, काम संपलं की टाकावं, लागलं की पुन्हा विचारावं.

पुन्हा विचारावं! आपल्या घरात याच्याएवढा मोठा गुन्हा नव्हता. तुम्ही शिफ्टवरून आलेले, चुलीपुढे आई भाकरी थापते आहे. संध्याकाळी किती माणसं जेवायला आहेत, हे ती दुसऱ्यांदा विचारते आणि पितळेचा तांब्या तिच्या भुवईवर बसतो. "एकदा सांगितलं म्हंजे सांगितलं! पुन्हा इचारलं तर दात पाडीन." पिठात रक्त पडतं. ती ते पीठ बाजूला काढते आणि उरलेल्याच्या भाकऱ्या करते. मी त्या खाल्ल्या, आण्णा. न खाण्याची माझी हिंमत नव्हती.

एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये तुम्ही मिस्त्री होता आणि तिथेही हाच कायदा. सळई रोलमध्ये अडकली, तुम्ही मेन स्विच पाडलात, इथवर सगळं बराबर. तुम्ही पाठ फिरवल्यावर वायरमनने तो परत चढवला. सळई काढायला हात घालायच्या आधी तुमच्या हाताखालच्या एका माणसाने बिचकत विचारलं, "मिस्त्री, बंदच हाय ना अजून?" तुम्ही वळूनही न बघता ओरडलात, "किती बार सांगू रे? बंद हाय!" पलीकडून कुणीतरी बटण दाबलं. त्याचा हात कोपरापर्यंत गेला. हे मला त्याच्या भावांकडून कळलं. त्यांनी तुम्हाला कॉलर धरून घरातून ओढलं, तुडवलं आणि प्रत्येक लाथेला हे सगळं ओरडून सांगितलं. आई तुमच्या अंगावर पडली, तिलाही लागलं. मी दारात उभी होते. मला बरं वाटत होतं.

गेल्या आठवड्यात मिटिंगमध्ये आमचे साहेब म्हणाले, "सगळं मंद होईल. जे माहीत आहे ते पुन्हा कशाला विचारायचं?" माझं डोकंच फिरलं. टेबलावर मूठ आपटून मी ओरडले, "कारण मधे कुणीतरी स्विच चढवलेला असतो!" कुणाला काही कळलं नाही, पण मोडायची परवानगी मिळाली.

तेच काम घेऊन आता जालन्याला आईकडे आले आहे. तुम्ही गेलात त्या दिवशी तो एका हाताचा माणूस आला होता. तुम्हाला खांदा दिला, मागे बसून लहान पोरासारखा रडला. का, ते मी आजवर विचारलेलं नाही. आज दुपारी आई जवळ येऊन बसली. म्हणाली, "तुझ्या आण्णाचं एक सांगायचं ऱ्हाऊन गेल्तं. त्या मानसाच्या घरी ते..."

"मला माहीतंय सगळं," मी म्हटलं आणि लॅपटॉपमध्ये डोकं खुपसलं. ती उठून गेली.

मला काही माहीत नाही, आण्णा. तिचं ऐकलं तर मला तुमचा राग करता येणार नाही, याची भीती वाटते.