टेकाडावरचा रेडा

पप्पा, तुमचा रेडा पास झाला. शनिवारी दुपारी, उम्म अल कुवैनमध्ये, एका घराच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, सोळा-सतरा माणसांसमोर. आणि त्यात ते उस्तादही होते. हो, तेच इजिप्शियन उस्ताद, ज्यांनी तुमचं नाणं दोन बोटांत धरून पुन्हा तुमच्याच हातात ठेवलं होतं. आता ऐंशीच्या पुढे गेलेत, वॉकर घेऊन चालतात, पण आवाज अजून तसाच खणखणीत. मला घरी येऊन कधी एकदा सांगते असं झालं होतं. तुमच्या जावयाने 'अरे वा' म्हणून मॅच लावली. लेक म्हणाली, 'मम्मा, दॅट्स सो कूल,' आणि मोबाइलमधून मान काही वर केली नाही. म्हटलं, जाऊ दे, ज्यांना सांगायला हवं त्यांनाच लिहूया.

त्या नाण्याची कथा तुम्ही जेवताना इतक्यांदा सांगायचात की मम्मी पुढची वाक्यं तुमच्या आधी म्हणायची. बर दुबईच्या हॉटेलात तुम्ही लाँड्रीत. कपडे मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे तपासायचे, जे निघेल ते पाकिटात घालायचं, वर रूम नंबर लिहायचा आणि पाठवून द्यायचं. एका अमेरिकन पाहुण्याच्या पँटमधून हे नाणं निघालं, तुम्ही पाठवलं, तर तो माणूस स्वतः खाली तळघरात आला आणि ते तुमच्या हातात ठेवून म्हणाला, 'कीप इट.' एका बाजूला अमेरिकेतल्या आदिवासी माणसाचा चेहरा, दुसऱ्या बाजूला दांडगा गवा. अख्खं जग त्याला बफेलो निकेल म्हणतं. तुम्ही वसईचे, दारात म्हशी बघत वाढलेले, तुम्ही त्याला रेडा म्हणालात आणि तेच नाव घरात पडलं. नाण्यावरच्या त्या आदिवासी माणसाच्या खांद्यावर साल कोरलेलं असतं, ते तुमच्या नाण्यावर पार झिजलेलं होतं. बोट फिरवलं तर गुळगुळीत.

शुक्रवार. चर्चमधून आलोय, मम्मी बोंबील तळतेय, किचनभर धूर, आणि तुम्ही ओट्याच्या कोपऱ्यावर भिंग घेऊन बसलाय. पुढ्यात एक कव्हर फाटलेलं नाण्यांचं पुस्तक, कुणीतरी हॉटेलच्या रूममध्ये टाकून गेलेलं. इंग्लिश तुम्हाला जेमतेम यायचं, पण चित्रं बघायला कुणाची भीती! तुम्ही मला ओढून जवळ घेता. 'हे बघ बाय, या चित्रात रेडा टेकाडावर उभाय. या दुसऱ्यात खाली सरळ रेघ. आता आकडे बघ. रेघेच्या चित्राखाली किती सालं आहेत? रांगच आहे. आणि टेकाडाखाली एकच, एकोणीसशे तेरा. आपला कशावर उभाय?' टेकाडावर, मी म्हणते. 'मग साल झिजलं म्हणून काय झालं? रेड्याचे पाय सांगतायत ना!' आणि तुम्ही एवढ्या मोठ्यांदा हसता की मम्मीच्या हातातला झारा थांबतो.

पुढच्याच शुक्रवारी तुम्ही मला घराजवळच्या रोल्ला भागात घेऊन गेलात. एका कॅफेटेरियाच्या वरच्या खोलीत नाणी जमवणारे लोक भरायचे, आणि त्या दिवशी प्रत्येकाने आपलं आवडतं जुनं अमेरिकन नाणं दाखवायचं होतं. इस्त्री केलेला पांढरा शर्ट, केसांना तेल, खिशात रुमालात बांधलेला रेडा. मी बारा वर्षांची, इंग्लिश मीडियमची, आणि मला तुमची लाज वाटत होती. लिहितेय, कारण ते तसंच होतं. तुम्ही दारातून प्रत्येकाला 'येस सर, येस सर' करत आत गेलात तेव्हाच मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तुमची पाळी आली. उस्तादांनी चेहऱ्याची बाजू बघितली, खांद्यावर बोट फिरवलं आणि पालटूनही न बघता म्हणाले, 'नो डेट, नो कॉइन, हबीबी.' तिथे हिंदी कुणालाच येत नव्हतं. तुम्ही माझ्याकडे वळलात. 'सांग त्यांना बाय, टेकाडाचं सांग. तुझं इंग्लिश चांगलं आहे.' आणि मी काय सांगितलं माहितेय तुम्हाला? मी म्हणाले, 'माय फादर सेज, ही जस्ट लाइक्स द अ‍ॅनिमल.' सगळे हसले. वाईट नव्हतं ते हसणं, लहान मुलांना हसतात तसं. पण तुम्हाला वाटलं, आपलं टेकाडाचं बोलणं ऐकून हसले. घरी चालत येताना तुम्ही म्हणालात, 'शिकलेली माणसं आहेत. माझंच काहीतरी चुकलं असेल.' मी तुमच्या दोन पावलं पुढे चालत राहिले. तुम्ही पुन्हा कधी तिथे गेला नाहीत. भिंगही कुठल्याशा डब्यात गेलं.

तुम्ही गेलात त्याला आता वीस वर्षं होतील. दोन महिन्यांपूर्वी घर बदलताना फिल्मच्या रिकाम्या डबीत रेडा सापडला, तुमच्या त्याच रुमालाच्या तुकड्यात. मी तिथेच खोक्यावर बसून मोबाइलवर बघितलं. दोन मिनिटं लागली. पहिल्या वर्षी टेकाड होतं, त्याच वर्षी ते काढून रेघ केली, पुन्हा टेकाड कधी आलं नाही. तुमचं शंभर टक्के बरोबर होतं. मी एकटीच खोक्यावर बसून 'पप्पा, बरोबर होतं हो!' असं ओरडले, मूव्हर्सचा माणूस दचकून बघायला लागला. त्याच दिवशी शोध घेतला, तो ग्रुप अजून चालू होता, आणि कार्यक्रमही तोच: आपलं आवडतं जुनं अमेरिकन नाणं घेऊन या. म्हटलं, यल्ला, चला. तुमचं वाक्य त्या माणसांपर्यंत पोचवल्याशिवाय आता मला चैन पडणार नव्हतं.

काय एकेक नाणी होती, पप्पा, तुम्ही हवे होतात! एका फिलिपिनो नर्सकडे पंख लावलेल्या टोपीतल्या बाईची एवढीशी डाइम, दहा सेंटचं नाणं, होती. सगळे त्या बाईला पुरुष देव समजतात म्हणून ती चिडून सांगत होती. एका मल्याळी इंजिनिअरने चांदीचा डॉलर आणला होता, तो कुणाला हात लावू देईना. मग मी. मी रेडा उस्तादांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी खांद्यावर बोट फिरवलं. 'नो डेट, नो कॉइन, हबीबती.' अहो, तीस वर्षांत माणसाने वाक्यसुद्धा बदललं नाही! कुणीतरी मागून म्हणालं, असली बाजारात पाच-दहा दिरहॅमला मिळतात, म्हणजे दोनशे रुपये धरा. माझं डोकंच फिरलं. ऑफिसात मी अख्खी रिझर्व्हेशन टीम सांभाळते, आवाज चढवायची गरज पडत नाही, तोच आवाज काढला. म्हणाले, 'उस्ताद, प्लीज टर्न इट ओव्हर.' त्यांनी पालटलं. भिंग डोळ्याला लावलं. आणि त्यांचा हात थांबला. 'या सलाम,' ते हळूच, नवलाने म्हणाले. मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, 'टेकाड आहे! नाइन्टीन थर्टीन. पहिलं वर्ष. खलास, यात वादच नाही!' पप्पा, टाळ्या पडल्या. नाणं हातोहात फिरलं, त्या मल्याळ्याने आपला डॉलर बाजूला ठेवून दोन्ही हातांनी ते घेतलं. मी मधोमध उभी राहून सांगितलं, हे माझ्या वडिलांनी शोधून काढलं, ते हॉटेलच्या लाँड्रीत कामाला होते, आणि इंग्लिश येत नसताना नुसत्या चित्रांवरून काढलं. लाँड्री हा शब्द मी मुद्दाम दोनदा म्हणाले.

निघताना उस्तादांनी मला जवळ बोलावलं. रोल्लाची ती खोली त्यांना आठवली, पांढरा शर्ट आठवला, बरोबरची मुलगी मात्र आठवत नव्हती. वॉकर सोडून त्यांनी हात छातीवर ठेवला. म्हणाले, मी पालटून बघायला हवं होतं, तुझ्या वडिलांची मी माफी मागतो. मी इतकी खूश होते की तो हात धरून म्हणाले, 'त्यांनी केव्हाच माफ केलं असेल.' मग त्यांनी विचारलं, 'पण त्यांनी मला टेकाडाचं सांगितलं का नाही?'

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. मी म्हणाले, 'माझे वडील फार साधे होते, उस्ताद. बोलायला लाजायचे.' तुम्ही बोलला होतात, पप्पा. सगळं बोलला होतात, आणि शनिवारीही मी ते त्यांना सांगितलं नाही.