चारशे नव्व्याण्णव माणसं आणि एक बस

तीर्थरूप काका,

साष्टांग नमस्कार. आम्ही तिघं इथे ठीक आहोत आणि तुम्हीही ठीक असाल, असं लिहायला हात उचलला होता. पण तुम्ही ठीक नाही हे मला माहीत आहे, म्हणून नुसतंच विचारते. घोट्याची सूज उतरली का? तुम्ही फोनवर "जिन्यात जरा मुरगळला" एवढंच सांगितलंत. सात पायऱ्या बसल्याबसल्या उतरलात, हा तपशील तुमच्या समोरच्या नर्सबाईंनी पुरवला. तीस वर्षं आकडेवारी खात्यात काढलेल्या माणसानं नेमका आकडाच गाळावा, याचं नवल वाटलं. असो. मी रागावून लिहीत नाहीये. (हे वाक्य दोनदा वाचलं. थोडं रागावूनच लिहितेय.)

पत्राचं कारण मात्र वेगळं आहे. आमच्या वसाहतीत सध्या एक प्रकरण चालू आहे, आणि ते तुमच्याच खात्यातलं असल्यामुळे तुम्हाला गंमत वाटेल. शहराची बस आमच्या अलीकडे दीड किलोमीटरवर, वळणापाशी थांबते आणि तिथूनच तोंड फिरवते, हे तुम्हाला माहीत आहेच. ती वसाहतीत आणावी म्हणून आम्ही अकरा अर्ज केले. बाराव्याला उत्तर आलं. उत्तर म्हणजे एक छापील फॉर्म : "वसाहतीचा परिचय". खाली बारीक अक्षरात, कायम रहिवासी किमान पाचशे असल्यास विचार केला जाईल. लगेच सभा भरली. आमचे अध्यक्ष दाताचे डॉक्टर आहेत, त्यामुळे सभेत कोणी तोंड उघडलं की ते आधी आत बघतात आणि मग ऐकतात. परिचय कोणी लिहायचा, यावर त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. का, तर मी रोज डायरी लिहिते. रोज लिहिणारा माणूस खोटं कमी लिहीत असेल असा त्यांचा समज. तुमचे जावई शेजारी बसून पुटपुटले, की सराव जास्त असतो एवढंच.

फॉर्ममधला पहिला प्रश्न, रहिवाशांचा मुख्य व्यवसाय. मी तीन संध्याकाळ विचार केला. घरं एकशे अठरा, त्यांतल्या शंभरांतली माणसं सकाळी सातला शहराकडे निघतात आणि संध्याकाळी सातला परततात; तिथे कोणी काय करतं ते इथे कोणालाच नीट माहीत नाही. मुख्य व्यवसाय "जाणे-येणे" असं लिहिलं. पुढचा प्रश्न, प्रेक्षणीय स्थळे. पाण्याची टाकी आहे, पण ती प्रेक्षणीय म्हणावी का? शिंप्याच्या दुकानाबाहेर एक बाक आहे. त्यावर बसलं की टाकी दिसते, आणि टाकीवर चढलं की बाक दिसतो. दोन्ही लिहिली, आणि पुढे कंसात "साधारण" असं घातलं. अध्यक्षांनी कंस खोडला. मी पुन्हा घातला.

मग मोजणी. तुम्ही मला लहानपणी शिकवलेला नियम लक्षात होता : माणूस जिथे झोपतो तिथे मोजायचा, जिथे जेवतो किंवा भांडतो तिथे नाही. नियम सोपा वाटला होता. पहिल्याच दिवशी सलूनवाल्यांच्या घरात अडकला. वसाहतीची हद्द त्यांच्या घराच्या मधून जाते. स्वयंपाकघर आमच्यात आणि झोपायची खोली पलीकडच्या गावात. मी म्हटलं, म्हणजे तुम्ही दोघंही आमचे नाही. त्यांची बायको शांतपणे म्हणाली, "ह्यांना लिहा. परवापासून स्वयंपाकघरातच झोपतात." कारण विचारणं मोजणीच्या कक्षेत येत नव्हतं. मी एक लिहिला. निघताना सलूनवाले फाटकापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "ताई, बस यायची असेल तर मी महिनाभर झोपतो तिथे. पण तिला सांगू नका की मी स्वखुशीनं झोपतोय."

शिंप्याच्या घरी पाच माणसं. सुनेचे दिवस भरलेत, बाळंतपण आज-उद्यावर आलं आहे. शिंपी म्हणाले, "सहा लिहा. माप आधीच घ्यावं लागतं, कपडा नंतर." मी म्हटलं, जन्माला आल्यावरच लिहिता येईल. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग झोपतं कुठे ते सांग ना! तुझा नियम झोपण्याचाच आहे ना?" पण मी पाचच लिहिले. तेव्हापासून माझ्या ब्लाउजची बाही शिंप्यांच्या कपाटात अडकून पडली आहे.

सगळी बेरीज झाली, चारशे अठ्ठ्याण्णव. दोनदा केली. तुमचे जावई पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "स्वतःला धरलंस का?" धरलं नव्हतं. चारशे नव्व्याण्णव.

अध्यक्ष म्हणाले, "एकानं काय होतंय? लिहा पाचशे. दात असता तर गोष्ट वेगळी." सगळे हसले. मी हसले नाही आणि फॉर्मही सोडला नाही. घरी येऊन डायरीत लिहिलं की आपण तत्त्वनिष्ठ आहोत. दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेतल्या मास्तरीणबाई छत्री टेकत बसच्या वळणावरून चालत येताना दिसल्या, तेव्हा "तत्त्वनिष्ठ" खोडून "हट्टी" लिहिलं. अजून ठरत नाही, म्हणून आता दोन्ही शब्द तिथे आहेत.

एवढीच हकिकत. तुम्हाला गंमत वाटावी म्हणून लिहिली, दुसरा काही हेतू नाही. गोळ्या वेळेवर घ्या, आणि दुधाची पिशवी आणायला तीन मजले स्वतः उतरू नका.

तुमची पुतणी

ता. क. : वरचं "दुसरा काही हेतू नाही" हे खरं नाही. काकू गेल्यापासून तीनदा तुम्हाला इथे राहायला बोलावलं, आणि तिन्ही वेळा तुम्ही एकच उत्तर दिलंत : "तुमच्या दारात बस येईल तेव्हा येईन, एवढं चालवत नाही." आता बघा, पाचशेवा माणूस मिळाल्याशिवाय बस येत नाही आणि बस आल्याशिवाय आमचा पाचशेवा माणूस येत नाही. तुम्ही नुसतं "येतो" असं कळवा, म्हणजे मी तुमचा आकडा भरते. पूर्वेकडच्या खोलीतली माझी पुस्तकं हलवली आहेत. (सगळी नाही. एक कपाट राहिलं आहे.)

ता. क. दुसरा : माणूस येण्याआधी मोजणं तुमच्या नियमात बसत नाही, हे वरचा ता. क. लिहून झाल्यावर लक्षात आलं. मी शिंप्यांना जे नाकारलं तेच स्वतःसाठी मागतेय. मागणी मागे घेते. खोली मात्र मागे घेत नाही.

ता. क. तिसरा : तिकिटं नव्हती म्हणून पत्र चार दिवस घरातच राहिलं, आणि तेवढ्यात सगळंच बदललं. शिंप्यांना मंगळवारी नात झाली. काल घरी आणली. मी जाऊन बघितलं, झोपली होती, आणि वसाहतीच्या हद्दीत झोपली होती. पाचशे लिहून फॉर्म दिला. अध्यक्ष तो घेऊन स्वतः कचेरीत जाऊन बसले, आणि मंजुरी घेऊनच उठले. (साहेबांची दाढ दुखत होती असं ऐकलं. ते मी परिचयात लिहिलेलं नाही.) तेव्हा काका, आता आम्हाला तुमची गरज नाही. म्हणजे बसला नाही. तुम्ही पाचशे एकावे, आणि त्यासाठी फॉर्ममध्ये रकाना नाही. पहिली बस एक तारखेला, तुमच्या कोपऱ्यावरून सकाळी नऊ चाळीसला सुटते आणि आमच्या दारात थांबते. दारात म्हणजे शिंप्याच्या बाकापाशी. तिथून आमचा उंबरा त्रेचाळीस पावलं आहे, मी मोजली आहेत. तुमच्या घोट्याची साठ धरा. मधे बसायचं झालं तर बाक आहे, आणि तिथून टाकी दिसते.