कागदावर पॅकिंग

प्रिय धाकटे,

पाकीट बघून तू आधी ते उलटंपालटं करशील. तुझ्या-माझ्या ऑफिसांमध्ये जेमतेम एक रस्ता. खिडकीतून हाक मारली तरी ऐकू जाईल, मग ताईला पत्र कशाला सुचलं? अगं, काही गोष्टी तोंडाने बोलायला गेले की मी भांडायला लागते, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? कागदाशी भांडता येत नाही. अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे, सांभाळून घे.

आधी खुशाली. गुडघा कुरकुरतोय. माझी डुगडुगणारी खुर्ची अखेर स्थिर झाली, तिच्या पायाखाली गेल्या सालची पॉलिसी दुमडून घातली. शीळवाल्याचं तू मनात विचारत असशील, त्याच्याकडे येतेच. तुझं नवं काचेचं दार रोज सकाळी पुसलं जातं, ते मी बघते. दारात कामासाठी उभी राहणारी माणसंही मोजते. परवा तेवीस होती. माझ्याकडे नऊ. म्हणशील, हिला दुसरा उद्योग नाही. काय करू, तुझी माणसं मोजल्याशिवाय मला चहा जात नाही.

कानामागून आलीस आणि तिखट झालीस. हा माणसं पुरवायचा धंदा तुला शिकवला कुणी? मी. अगदी पहिल्या दिवशी विम्याचं सांगितलं होतं, की आपला माणूस राबतो दुसऱ्याच्या छपराखाली, हुकूम ऐकतो दुसऱ्याचा, पण पडला-झडला तर नुकसानभरपाईचा विमा आपला. आणि विमा कंपनी माणूस बघत नाही, काम बघते. टेबलाशी बसणाऱ्याचा हप्ता हलका, खोकी बांधणाऱ्याचा जरा जड, यंत्रावर उभं राहणाऱ्याचा सगळ्यांत जड. काम बदललं की त्याच दिवशी कळवायचं. हे मी कुठल्या शाळेत नाही शिकले. भिंग घेऊन, अडलेला एकेक शब्द शेजारच्या औषधवाल्याला विचारून, दोन वर्षांत शिकले. तू एका दुपारी शिकलीस. पोटात दुखायला तिथूनच सुरुवात झाली.

मग तू तुझी ती पद्धत काढलीस. शिफ्ट सुरू झाली की स्वतः कारखान्यात जायचं आणि आपला माणूस कागदावर जिथे आहे तिथेच उभा आहे ना, ते डोळ्यांनी बघायचं. मी चार लोकांत म्हणायची, "आमच्या धाकटीला मिरवायची हौस!" मी आपली खुर्चीत बसून फोनवर विचारायची, "सगळे जागेवर ना?" पलीकडून "हो हो" आलं की झालं. तर एकदा माझाच एक कामगार मला कौतुकाने सांगतो, "ताई, तुमच्या बहीणबाई येऊन गेल्या. माझ्या बुटाचा तळ फाटलाय, ते त्यांनीच दाखवलं." माझ्या माणसाच्या बुटाचा तळ! तो तू का बघावास? आणि बघितलासच, तर मला आधी का दिसू नये?

तुला ती चप्पल आठवते का? शाळेच्या वाटेवर तू म्हणालीस, "ताई, तुझ्या चपलेचा अंगठा तुटायला आलाय, शिवून घे." मी मुद्दाम नाही शिवला. तू सांगितलंस ना, म्हणून. तिसऱ्या दिवशी भर उन्हात, भर रस्त्यात तो तुटला. तू हसली नाहीस, तेच मला सहन झालं नाही. हसली असतीस तर एक धपाटा घातला असता आणि मिटलं असतं. पण तू स्वतःची एक चप्पल काढून माझ्यापुढे ठेवलीस. ती आळीपाळीने घालत दोघी लंगडत घरी आलो. दारातच आई म्हणाली, "बघ, धाकटी असून किती समजूतदार!" झालं. पाय भाजला होता माझाही, पण त्याचं कौतुक नाही.

आता शीळवाला. पुठ्ठ्याच्या कारखान्यात मी खोकी बांधायला पाठवलेला, दोन मुलींचा बाप. हात चालले की तोंडात शीळ. मुकादम ओरडायचा, "तोंड बंद कर रे!" तर हा म्हणायचा, "बंदच आहे साहेब, नुसती हवा जातेय." अख्खी ओळ हसायची. त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं कापणीच्या यंत्रात गेली, त्याला आज सोळा दिवस झाले. इस्पितळात तू त्याच्या बायकोशेजारी बसलीस, तिचा हात हातात घेऊन. मी दारातच थबकले. तू वर बघितलंस, माझ्याकडे, आणि अक्षरही बोलली नाहीस. धाकटे, तो बिचारा पट्ट्या बांधून पडलेला, आणि माझ्या मनात काय आलं असेल? हिला गप्प बसणंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं जमतं! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा.

तू निघून गेल्यावर मी त्याच्याजवळ गेले. म्हणाला, "ताई, मी खोकीच बांधत होतो हो, यंत्रावर त्यांनीच उभं केलं." आणि मुकादमाने लिहून दिलंय, की त्याला यंत्राकडे कुणी पाठवलंच नव्हतं, त्या दिवशी आपल्या मनाने मस्करीत गेला. तसं ठरलं तर त्याला भरपाई नाही. डावा हात आणि दोन मुली, एवढंच हाती उरेल. विम्याचे चौकशी अधिकारी माझ्याकडे आले होते. सरळ विचारलं, "तो यंत्रावर काम करतोय, हे तुम्हाला माहीत होतं?" मी म्हणाले, "नाही." एवढाच छोटा शब्द. गुरुवारी सुनावणी आहे. तोवर तू मला वेळ देते आहेस, हे न कळण्याइतकी मी बावळट नाही.

तुझी पिवळी चिठ्ठी माझ्याकडे आहे. अपघाताच्या अकरा दिवस आधीची, तुझ्या त्या छापल्यासारख्या अक्षरातली, वर तारखेसकट. "ताई, तुझा शीळवाला तीन दिवस कापणीच्या यंत्रावर दिसतोय. कागदावर अजून पॅकिंगच आहे का? त्याला तिथून काढ, नाहीतर विमा कंपनीला आजच कळव. कामाच्या गडबडीत राहिलं असेल." हे शेवटचं वाक्य मला झोंबलं. जड हप्ता भरायला लागला की मी दर वाढवून मागणार, आणि मग कारखाना तुझ्याकडे वळणार, म्हणून हा शहाणपणा, असंही मनात आलं. खरं कारण तेही नव्हतं. तू सांगितलंस, एवढंच कारण होतं. मी चिठ्ठी बटणांच्या डब्यात टाकली आणि अकरा दिवस अंगठा शिवला नाही. या वेळी तुटलं ते दुसऱ्याचं. चार वेळा ती चिठ्ठी फाडायला घेतली, पण त्याला रोज यंत्रावर उभं करत होते, याचा दुसरा पुरावा नाही. म्हणून गुरुवारी मी ती अधिकाऱ्यांपुढे ठेवणार आहे, आणि माझं "नाही" परत घेणार आहे. तू येऊन ती तुझी आहे, एवढं सांग. मला पाठीशी घालू नकोस. माझा परवाना जाईल, जाऊ दे. त्या नऊ जणांना तेवढं तुझ्याकडे घे. त्यातल्या दोघांच्या बुटांचे तळ काल मी स्वतः वाकून बघितले, ते बदलायला झालेत. पुढच्या सोमवारी तुझ्या दारात बत्तीस माणसं उभी असतील. मी खिडकीतून मोजीन, आणि खोटं कशाला बोलू, जळेन. पण सुनावणीला जाताना मला एकटीला चालवणार नाही गं. त्या दिवशीसारखी तुझी एक चप्पल दे.

तुझीच,
जळकी ताई