तळ्यातला दगड

आबा, लिहायला फार उशीर झाला, रागावू नका. चौथीपर्यंत शिकलो, तेवढ्यावर लिहितोय. परवा तुमचा म्हाळ होता. माझ्या सुनेनं पहाटे उठून खीर, वडे, गवारीची भाजी केली. पान पिशवीत घेऊन मी नेहमीसारखा तळ्यावर गेलो. कुपवाडमागचं आपलं तळं यंदा पाखरांसाठी राखलंय. भोवती जाळी, दाराशी पहारेकरी, आत दुर्बिणी घेऊन शाळेची पोरं. बांध उंच केल्यानं पाणी वर चढलंय. जतकडून मेंढरं घेऊन उतरलो होतो त्या साली तुम्हाला जिथं पुरलं, तिथला दगड आता निम्मा पाण्यात उभा आहे. दरसाल त्याच्यावरच नैवेद्य ठेवायचो. पहारेकऱ्यानं पिशवी उघडायला लावली. इथं पाखरांना खायला घालायला बंदी आहे, म्हणाला. मी म्हटलं, "पाखरास्नी न्हाई रं, आमच्या आबास्नी हाय."

"मग आबास्नी गेटाबाहेर बोलवा की," म्हणून तो हसला. मग माझं तोंड बघून त्यानं दार उघडलं. पिशवी ठेवून नुसतं बघून या, म्हणाला.

गेलो. तुमच्या दगडावर एक राखी बगळा एका पायावर उभा होता. आबा, काठीवर भार टाकून, एक पाय गुडघ्याला लावून तुम्ही मेंढरांकडं बघत असेच उभे राहायचात. मी पाण्यात खडा टाकला की मान न वळवता म्हणायचात, "पाणवठ्यावर दगड मारू नगंस रं. पाखरंबी तहानलेलीच आल्यात." भाकरीचा पहिला तुकडा त्यांनाच टाकायचात. परवा पोरं ओरडली, तरी बगळा हलला नाही. मी हळूच "आबा" म्हणालो, आणि त्यानं मान वळवली. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागत नाही.

बाहेर येऊन गेटासमोरच्या कट्ट्यावर पान मांडलं. ऊन कलेपर्यंत बसलो. कावळा फिरकला नाही. शेवटी कुत्र्यानं तोंड घातलं. येत्या पावसाळ्यात दगड पुरता बुडेल. काढून घरामागं आणावा, तर तुम्हाला न विचारता हलवू कसा? राहू द्यावा, तर तुम्ही पाण्याखाली एकटे.

या पत्राला पेटी नाही, उशाखाली ठेवतोय. घरी आल्यावर सुनेनं विचारलं, कावळा शिवला का. ती सकाळपासून उपाशी थांबली होती. शिवला म्हणालो, तेव्हा ती जेवली. मी मात्र अर्ध्या पानावरून उठलो. स्वप्नात या, नाहीतर जसं जमेल तसं सांगा. दगडाचं मागाहून सांगितलंत तरी चालेल. तुम्ही जेवलात का, एवढं तरी लवकर कळवा.