चिताऱ्यासमोर बसायला या

॥ श्री ॥
धार, आश्विन वद्य प्रतिपदा, शके १८२६

तीर्थस्वरूप इंदिरावन्संना देवासमुक्कामी विनोदिनीचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. मामंजींचा खोकला बसला. गाय व्याली, कालवड झाली.

पत्र फाडू नका. तुमचा भाऊ गेल्यापासून तुम्ही या घराचं नाव टाकलंत, ते बरोबरच आहे. पण शेवटपर्यंत वाचा.

काल मामंजींबरोबर बैलांच्या दमणीतून सरदारपूरच्या वाटेला गेले होते. त्यांना आता फार कमी दिसतं. डोळे पुरते जायच्या आधी लेकाची तसबीर पाहायची, एवढा एकच ध्यास घेतलाय. फोटो तर कधी काढलाच नाही. इंदूरला जाऊ जाऊ म्हणता राहून गेलं. म्हणून खेड्यांतले कारागीर धुंडाळत निघालो. ज्वारी माणसापेक्षा उंच झालीय, कापूस फुटलाय, ऊन असं लख्ख की मला रडूच आलं.

पहिला कुंभार भेटला. दिवाळीच्या लक्ष्म्या वाळत घातल्या होत्या. म्हणाला, देवाचं तोंड करतो, माणसाचं जमत नाही. पुढच्या गावी लाकडाच्या गणगौरी कोरणारा सुतार, त्याच्या सगळ्या बायांना एकच नाक! तिसऱ्या गावात म्हातारा चितारी, लग्नघरांच्या भिंती रंगवणारा. त्यानं कागद ओढला नि विचारलं, "बोलो बईजी, मूंडो कसो थो?"

वन्सं, मला चेहरा सांगताच येईना! मी मेलीनं आठ वर्षं संसार केला, पण वडीलधाऱ्यांच्या घरात नवऱ्याकडे दिवसाउजेडी मान वर करून कोण बघतं? पावलं ओळखीची, आवाज ओळखीचा, ताटात काय टाकत तेही ठाऊक. तीळ डाव्या गालावर होता की उजव्या? मामंजी सांगू लागले, तर ते मुंजीतल्या पोराचं. चिताऱ्यानं कुंचला खाली ठेवला. घरात तशाच तोंडावळ्याचं कुणी आहे का, म्हणाला. मामंजी एकदम बोलले, "आमची इंदू. दोघं एका साच्यातली."

आता सांगते. त्यांच्या त्या गाठीच्या तापात, प्लेगात, तुम्ही देवासहून धावत आलात आणि मी आतून कडी घालून म्हटलं, झोपलेत, वैद्यांनी मनाई केलीय. खोटं होतं ते. जागे होते. तुमचा आवाज ऐकून "अक्का, अक्का" करत होते, मी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. हो, ठेवला. त्या चार दिवसांत पहिल्यांदा ते उजेडात माझ्या एकटीचे होते, मी पोटभर बघून घेत होते. तुम्हाला वाटा द्यायचा नव्हता मला.

आणि मिळालं काय? सुजलेली मान, तारवटलेले डोळे. तेवढंच तोंड आठवतं, दुसरं येतच नाही. ते सांगू चिताऱ्याला? मामंजींना ते दाखवू?

पाया पडते वन्सं, या. वद्य दशमीला चितारी आपल्या घरी येतोय. त्याच्यासमोर तुम्ही बसा. माझं तोंड पाहू नका, मी माजघरात राहीन. दाराच्या फटीतून एकदा बघू द्या, बस्स. रागावून बसायचं तर रागावूनच बसा. ते रागावले की कसे दिसत, तेही मी कधी पाहिलेलं नाही.

तुम्ही अजून म्हणत असाल तर तुमचीच भावजय,
विनोदिनी