एका वेलांटीचा हक्क

मी, खाली सही करणारी, धंद्याने शिंपीण, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही. हे मी कोणाच्या दडपणाखाली लिहीत नाही. दडपण आणणाऱ्यांना मी कधी भीक घातली नाही.

१. दुकान आणि शिलाई मशीन माझ्या भाचीला. मशीन कुरकुरते. तिला तेल घालावे, शिव्या घालू नयेत. त्या मी पुरेशा घातल्या आहेत.

२. मोठी कात्री समोरच्या कापडवाल्याच्या सुनेला. कापडवाल्याला हात लावू देऊ नये. परक्यांच्या राज्यात त्यांच्याच कारखान्याची बटणे वापरायची सक्ती झाली, तेव्हा साऱ्या गावाने बटणे तोडून कापडाच्या गुंड्या लावल्या. हा मेला कापडवाला मात्र तेव्हाही बटणे विकत होता. आता देशभक्तीवर भाषणे ठोकतो.

३. गुंड्यांचा डबाही भाचीला. त्या माझ्या नवऱ्याने वळल्या. शिपाई भररस्त्यात लोकांच्या गुंड्या कापत. लोक उघडे सदरे मुठीत धरून आमच्याकडे येत आणि हे नव्या लावून देत. यांनी कोणावर बोटही उगारले नाही. तरी यांना पकडून नेले. चौकीत साहेबाने विचारले, काय करतोस? हे म्हणाले, "गुंडी वळतो." दुभाषा होते यांचेच धाकटे भाऊ. त्यांनी साहेबाला सांगितले, हा गुंड गोळा करतो. वेलांटी गिळली आणि नोकरी टिकवली. हे दंगेखोर म्हणून तुरुंगात गेले आणि तिथेच संपले.

राज्य बदलले, तरी सरकारदरबारी हे अजून गुंडच आहेत. कचेरी म्हणते, दुभाष्याने चूक कबूल केल्याची सही आणा. दीर म्हणतात, "वहिनी, मला ऐकू आलं तसं सांगितलं."

"शिंप्याच्या घरात वाढलात आणि गुंडी ऐकू येत नाही?" असे मी विचारले. तेव्हापासून ते या विषयावर बहिरे आहेत.

४. राहते घर. ते आपल्यालाच मिळणार असे दिरांनी धरले आहे. परवा भिंतीला रंग कोणता द्यावा ते बघून गेले. घरही भाचीला. दिरांना काहीही नाही, माझ्या फाटक्या चपलासुद्धा नाहीत.

साक्षीला मात्र त्यांनाच बोलावले आहे. घराच्या आशेने धावत येतील आणि न वाचता सही ठोकतील. त्यांच्या सहीच्या वर काय लिहायचे ते मी भाचीला सांगून ठेवले आहे. फसवणूक म्हणायची तर म्हणा. मला यांचे नाव धुऊन हवे आहे.

ठिकाण: दुकानामागची खोली. दिनांक: सहा, सोमवार, बाजार बंद.

सही: शिंपीण

साक्षीदार पहिली: शेजारची सुईण. सही करणारीने माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार दुसरा: चौकीत माझा भाऊ 'गुंडी' म्हणाला होता. मी ते नीट ऐकले होते आणि जाणूनबुजून 'गुंड' सांगितले.
सही: धाकटा दीर, माजी दुभाषा

(सहीखाली, त्याच हाताने:) वहिनी, सगळे पहिल्या ओळीपासून वाचले. मग सही केली.